समुद्रतळाखालचा महाभूकंप : अभ्यास आणि बोध

(लोधीखेडा, सौंसर व पांढुर्णा परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोधीखेड्यापासून समुद्र कोणत्याही दिशेला मोजला तरी सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. येथील शेतकऱ्याला चिंता असते ती पावसाची, कापसाच्या बोंडाची आणि संत्र्याच्या बहाराची. अशा गावी समुद्रतळाखाली होणाऱ्या भूकंपाचे व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची तीन उत्तरे देता येतात. पहिले असे की, या तालुक्यातील अनेक कुटुंबांची मुले आज मुंबई, चेन्नई, गोवा अशा किनाऱ्यावरील शहरांत नोकरी-शिक्षणासाठी राहतात. दुसरे असे की, जगातील सर्वात मोठे भूकंप याच प्रकारचे असतात आणि भूकंपशास्त्राचे पुष्कळसे ज्ञान त्यांच्या अभ्यासातून आलेले आहे. ते ज्ञान डोंगरी व मैदानी प्रदेशालाही तितकेच उपयोगी पडते. तिसरे उत्तर अधिक नवलाचे आहे. ज्या भूमीवर हे गाव वसले आहे, तिच्या पोटातील खडक हे एका नाहीशा झालेल्या प्राचीन समुद्राची साक्ष देत आहेत. त्याचा विचार पुढे ओघाने येईल.

पृथ्वीचे कवच आणि त्याची हालचाल

पृथ्वीचा बाहेरचा कठीण थर अखंड नाही. तो लहानमोठ्या अनेक तुकड्यांचा बनलेला असून या तुकड्यांना भूपट्ट असे म्हणतात. हे भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर, म्हणजे माणसाचे नख वाढावे इतक्या संथ गतीने सरकत असतात. दोन भूपट्ट समोरासमोर येतात तेव्हा, त्यांपैकी एक जड समुद्री पट्ट असेल, तर तो दुसऱ्याच्या खाली वाकून पृथ्वीच्या पोटात शिरू लागतो. या क्रियेला अधोगमन म्हणतात आणि ती जेथे चालते तो प्रदेश म्हणजे अधोगमन-पट्टा होय. भारताच्या पूर्वेस अंदमान-निकोबार ते सुमात्रा या बेटांच्या पश्चिमेला असा एक पट्टा आहे. पश्चिमेस, आजच्या पाकिस्तान व इराणच्या दक्षिण किनाऱ्यालगत मकरानचा दुसरा पट्टा आहे. तेथे अरबी भूपट्ट उत्तरेकडील युरेशियन भूपट्टाखाली जात आहे. भारताच्या दोन्ही बाजूंचे समुद्र अशा रीतीने एकेका अधोगमन-पट्ट्याला जोडलेले आहेत.

खाली जाणारा पट्ट तेल लावलेल्या यंत्रासारखा सुरळीत सरकत नाही. दोन्ही पट्टांच्या खरबरीत पृष्ठभागांचे घर्षण होऊन ते एकमेकांत अडकतात. खालचा पट्ट पुढे जातच राहतो आणि आपल्याबरोबर वरच्या पट्टाची कड खाली ओढतो. शतकानुशतके हा ताण साठत जातो. अखेर अडकलेला भाग एकाएकी सुटतो, वरच्या पट्टाची कड उसळी मारते आणि महाभूकंप होतो.

शाळेत हे समजावून देण्यास प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. एका खडबडीत फळीवर वीट ठेवावी, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी बांधावी आणि पट्टीचे दुसरे टोक हळूहळू ओढावे. आरंभी पट्टी ताणली जाते, पण वीट जागची हलत नाही. मग क्षणार्धात वीट झटका देऊन पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. हात सारख्या गतीने ओढत असतो, परंतु विटेची हालचाल मात्र झटक्याझटक्यांनी होते. हा झटका केव्हा बसेल हे आधी अचूक सांगता येत नाही. मात्र पट्टी किती ताणली आहे हे मोजता येते. भूकंपशास्त्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही या साध्या प्रयोगात दिसून येतात.

मुंबईने पाहिलेली लाट

या प्रकारच्या भूकंपाचा परिणाम मराठी मुलुखाने स्वतः अनुभवलेला आहे, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे, भारतीय वेळेनुसार सुमारे तीन वाजून सव्वीस मिनिटांनी, मकरानच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली मोठा भूकंप झाला. आजच्या गणनेनुसार त्याचे परिमाण सुमारे ८.१ होते. पसनी व ओरमारा या किनाऱ्यावरील गावांची मोठी हानी झाली. समुद्रात चिखलाची काही लहान बेटे वर आली आणि कालांतराने लाटांनी ती धुऊन नेली.

समुद्रतळ उचलला गेल्यामुळे त्यावरील पाण्याचा संपूर्ण स्तंभ हलला आणि त्यातून त्सुनामी निर्माण झाली. ही लाट मुंबईस सकाळी सव्वाआठच्या सुमारास पोहोचली. तेथे तिची उंची सुमारे दोन मीटर होती. वर्सोव्यास मासे धरीत असलेले पाच जण वाहून गेले. हाजी अलीजवळ सहा जण समुद्रात ओढले गेले. दांडा व जुहू येथे मासेमारीच्या अनेक होड्यांचे दोर तुटले. मुंबई बंदराचे मात्र नुकसान झाले नाही. ज्यांनी ही लाट पाहिली त्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे असे होते की, पाणी भरतीसारखेच चढत आले, परंतु भरतीपेक्षा पुष्कळच वेगाने.

हे वर्णन लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. चित्रांत दाखवितात तशी आकाशाला भिडणारी पाण्याची भिंत मुंबईकरांना दिसली नाही. त्यांना दिसली ती एक अवेळी व अतिवेगाने आलेली भरती. समुद्राची रोजची सवय असलेल्या कोळ्यालाही तिच्यातील धोका ओळखण्यास अवधी मिळाला नाही. भूकंप होऊन लाट येईपर्यंत जवळजवळ पावणेपाच तास लोटले होते. एवढ्या वेळात सूचना पोहोचविणे अशक्य नव्हते. परंतु सूचना देणारी यंत्रणा नव्हती आणि असे काही घडू शकते ही कल्पनाही कोणाला नव्हती.

या भूकंपाची हकीकत उपलब्ध आहे ती भारतीय हवामान खात्यातील सी. जी. पेंडसे यांच्या लेखामुळे. त्यांनी ठिकठिकाणची वृत्ते, वेळा आणि पाण्याच्या उंचीच्या नोंदी एकत्र करून त्या शास्त्रीय टिपणात प्रसिद्ध केल्या. कराची आणि मुंबई या बंदरांतील भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्रांनी काढलेले आलेखही शिल्लक राहिले. पुढे ६५ वर्षांहून अधिक काळानंतर, २०११ मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी अन्य सहकाऱ्यांसह याच जुन्या आलेखांचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. मकरानच्या किनाऱ्यालगत लाटांची ऊर्जा जणू कोंडली जाते आणि त्यामुळे लाटा दीर्घकाळ येत राहतात, असे त्यांना आढळून आले. कराचीस पहाटे साडेपाचपासून लाटा येऊ लागल्या होत्या आणि सव्वाआठच्या सुमारास आलेली लाट सर्वात मोठी होती. पहिली लाट ओसरली म्हणजे संकट टळले असे मानून किनाऱ्यावर परतणारा मनुष्य किती मोठी चूक करतो, हे यावरून ध्यानात यावे.

लाटेचा वेग

त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. समुद्र चार हजार मीटर खोल असेल तेथे तिचा वेग ताशी सुमारे सातशे किलोमीटर, म्हणजे जवळजवळ विमानाइतका असतो. पन्नास मीटर खोलीवर तो ताशी ऐंशी किलोमीटरांपर्यंत उतरतो आणि दहा मीटर खोलीवर ताशी पस्तीस-छत्तीस किलोमीटर राहतो. लाट किनाऱ्याकडे येताना पुढचा भाग मंदावतो, मागचा भाग वेगाने येत राहतो आणि त्यामुळे पाण्याची उंची वाढते. खोल समुद्रातील जहाजाला जी लाट जाणवतही नाही, तीच किनाऱ्यावर गाव धुऊन नेते, त्याचे कारण हे आहे.

मकरानपासून मुंबई सरळ रेषेत अकराशे-बाराशे किलोमीटर आहे. तेथून लाट येण्यास पावणेपाच तास लागले, कारण मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे. याउलट, २००४ मध्ये याहून अधिक अंतर तोडून लाट तमिळनाडूस दोन ते अडीच तासांतच पोहोचली, कारण बंगालचा उपसागर खोल आहे. भूगोलाच्या शिक्षकांनी नकाशावरील निळ्या रंगाच्या फिकट व गडद छटा मुलांना समजावून दिल्या, तर त्या छटांमध्ये माणसांच्या जिवाचा हिशेब दडलेला आहे हे मुलांना कळेल.

२६ डिसेंबर २००४

त्या दिवशी सकाळी भारतीय वेळेनुसार सुमारे साडेसहा वाजता सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस भूकंपास प्रारंभ झाला. प्रारंभ झाला असे म्हणण्याचे कारण, तो एका क्षणात संपला नाही. भूपट्टांमधील भेग सुमात्रापासून उत्तरेकडे निकोबार व अंदमानच्या दिशेने उलगडत गेली आणि या क्रियेस आठ ते दहा मिनिटे लागली. उलगडलेल्या भेगेची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर, म्हणजे नागपूर-मुंबई रेल्वेमार्गाच्या दीडपट होती. काही ठिकाणी दोन्ही पट्ट एकमेकांवरून पंधरा मीटर वा त्याहूनही अधिक सरकले. भूकंपाचे परिमाण ९.१ ठरविण्यात आले असून काही अभ्यासक ते ९.३ पर्यंत मानतात.

परिमाणाचा अर्थ येथे स्पष्ट करणे इष्ट होईल. परिमाण एका अंकाने वाढले म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या किल्लारीच्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते. त्याच्या मानाने सुमात्रा-अंदमानच्या भूकंपात वीस हजार पटींहून अधिक ऊर्जा मुक्त झाली.

या भूकंपाच्या त्सुनामीने हिंदी महासागराच्या काठावरील चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे दगावली. भारतात मृत व बेपत्ता मिळून ही संख्या दहा हजारांहून पुष्कळ अधिक होती. तमिळनाडूतील नागपट्टिणम जिल्ह्याची हानी सर्वाधिक झाली. कार निकोबार येथील हवाई दलाचा तळ उद्ध्वस्त झाला. भारताचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन सव्वाचार मीटरांच्या आसपास खचली आणि तेथील दीपगृहाचा पायथा समुद्रात गेला. पोर्ट ब्लेअरची भूमी सुमारे एक मीटर खाली गेली. उलट उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा वर उचलला गेला व तेथील प्रवाळ उघडे पडून मेले. एकाच भूकंपाने एक किनारा बुडविला आणि दुसरा उंचावला.

त्याचे कंप साऱ्या पृथ्वीभर पसरले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस, एका विहिरीतील पाणी सुमारे तीन फूट खालीवर झाल्याची नोंद आहे. विहिरीच्या पाण्याची नियमित नोंद ही किती मोलाची असते, याचा हा एक पुरावा होय.

अभ्यास कसा केला जातो

अशा भूकंपाचा अभ्यास अनेक मार्गांनी होतो. त्यांतील पहिले साधन म्हणजे भूकंपमापक यंत्र. निरनिराळ्या देशांतील यंत्रांवर कंप केव्हा पोहोचले याची तुलना करून भूकंपाचे स्थान काही मिनिटांत निश्चित करता येते. आकार ठरविणे मात्र तितके सोपे नसते. २००४ च्या भूकंपाचे परिमाण पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत सुमारे ८ असे सांगितले गेले. खरा आकडा हळूहळू वाढत गेला, कारण इतक्या लांब भेगेची पूर्ण कल्पना येण्यास दीर्घ कंपांचा अभ्यास करावा लागतो. त्या अनुभवानंतर गणनेच्या रीती सुधारण्यात आल्या.

दुसरे साधन म्हणजे उपग्रहांच्या मदतीने भूमीची जागा मोजणे. अंदमान-निकोबारमध्ये ठरावीक खुणा केलेल्या ठिकाणांची जागा भूकंपापूर्वी मोजलेली होती. भूकंपानंतर भारतीय शास्त्रज्ञांनी ती पुन्हा मोजली, तेव्हा बेटे काही मीटर सरकल्याचे दिसून आले. आधीचे मोजमाप नसते तर नंतरच्या मोजमापाला काहीच अर्थ राहिला नसता. योगायोगाने त्याच दिवशी समुद्राची पातळी मोजणारा एक उपग्रह हिंदी महासागरावरून जात होता. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी भर समुद्रात लाटेची उंची अर्ध्या मीटरच्या आसपास असल्याचे त्याने टिपले.

तिसरे साधन म्हणजे निसर्गाने ठेवलेले दप्तर. त्सुनामी किनाऱ्यावरील सखल जमिनीवर वाळूचा थर पसरविते. त्यावर वर्षानुवर्षे काळी माती साचते. थायलंडमधील एका बेटावर शास्त्रज्ञांनी दलदलीत खड्डे घेतले, तेव्हा २००४ च्या थराखाली मातीने विलग झालेले तसेच जुने वाळूचे थर त्यांना सापडले. त्यांतील लगतचा जुना थर सुमारे साडेपाचशे ते सातशे वर्षांपूर्वीचा असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. शेतात विहीर खणताना मातीचे निरनिराळे थर पाहणाऱ्या शेतकऱ्याला या पद्धतीचे मर्म लगेच कळेल.

चौथे साधन म्हणजे माणसांनी लिहून ठेवलेल्या नोंदी. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्याने एकाएकी मेलेल्या झाडांची राने आढळली. तेथे पूर्वी केव्हातरी महाभूकंप झाला असावा असा तर्क होता, पण तारीख ठाऊक नव्हती, कारण त्या काळी त्या प्रदेशात लेखनाची प्रथा नव्हती. इकडे जपानमधील जुन्या दप्तरांत जानेवारी १७०० मध्ये भूकंपाचा धक्का न जाणवता आलेल्या लाटेची नोंद होती. १९९६ मध्ये जपानी संशोधकांनी या नोंदींवरून उलट गणित मांडले आणि अमेरिकेतील भूकंप २६ जानेवारी १७०० रोजी रात्री झाला असे दाखवून दिले. गावातील भाताची कोठारे किती भिजली याचा अहवाल देणाऱ्या कारकुनांना आपण तीनशे वर्षांनंतरच्या विज्ञानाची सेवा करीत आहोत, याची कल्पनाही नसेल. शासकीय कर्मचाऱ्यांनी पंचनामा करताना हे उदाहरण ध्यानी ठेवावे. वेळ, ठिकाण, पाण्याची उंची आणि साक्षीदाराचे शब्द जसेच्या तसे नोंदले गेले, तर असा पंचनामा विज्ञानाचा आधार होतो.

सौंसरचे खडक आणि हरवलेला समुद्र

आता या भूमीकडे वळू या. पांढुर्णा-सौंसरच्या पुष्कळशा भागावर काळ्या बेसाल्टचा थर असून त्याची काळी माती कापसाला व संत्र्याला मानवते. परंतु जेथे हा थर नाही तेथे फार प्राचीन खडक उघडे पडले आहेत. संगमरवर, अभ्रकयुक्त खडक आणि मॅंगनीजचे खनिज यांच्या या समूहाला भूशास्त्रात सौंसरचेच नाव देण्यात आले आहे. तालुक्याचे नाव जगातील भूशास्त्राच्या ग्रंथांत गेले ते यामुळे. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे लुईस ली फर्मर यांनी या प्रदेशातील मॅंगनीजचा सखोल अभ्यास करून १९०९ मध्ये भारतातील मॅंगनीजविषयीचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कच्छीढाणा, सीतापार, गोवारी वाढोणा या खाणींची नावे भूशास्त्रज्ञांच्या परिचयाची आहेत. मॅंगनीजबरोबर सापडणाऱ्या एका विशिष्ट खडकास फर्मर यांनी येथील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले.

मॅंगनीज, चुनखडी आणि चिखल हे मुळात उथळ समुद्राच्या तळाशी थरांनी साचलेले होते. पुढे त्यांच्यावर प्रचंड दाब व उष्णता येऊन त्यांचे रूप पालटले व ते घडीघडीने दुमडले गेले. मध्य भारताच्या उत्तरेकडील बुंदेलखंडाचा प्राचीन ठोकळा आणि दक्षिणेकडील बस्तरचा ठोकळा यांच्यामध्ये एके काळी समुद्र होता, त्याचा तळ अधोगमनाने नाहीसा झाला आणि शेवटी दोन्ही भूखंड एकमेकांस भिडले, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. या घटनेचा नेमका काळ आणि दिशा यांविषयी मतभेद आहेत. तथापि अखेरची मोठी टक्कर सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी झाली असावी, असे अनेकांचे मत आहे. सुमात्रा-अंदमानास आज जे घडते आहे, त्याच जातीचे काहीतरी सातपुड्याच्या या पट्ट्यात कल्पनातीत जुन्या काळी घडले होते. खाणीतून निघणारा काळा दगड हा त्या समुद्राचा अवशेष आहे.

ते अधोगमन केव्हाच थांबले. म्हणून येथे सुमात्रासारखा महाभूकंप होण्याचे कारण नाही. परंतु जुन्या जखमेची शिवण जशी दुबळी राहते, तशा या प्राचीन भेगा अधूनमधून हलतात. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला ५.८ परिमाणाचा भूकंप होऊन सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली व हजारो घरांची हानी झाली. जबलपूर येथून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे.

घर मारते, भूकंप नव्हे

किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मेली. सुमात्रा-अंदमानच्या मानाने अगदी लहान असलेला हा भूकंप इतका घातक ठरला, याचे कारण घरांत होते. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी ती घरे होती. भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, माणसे झोपेत होती आणि भिंती दोन्ही अंगांना फुटून माळवद खाली आले.

या परिसरातही दगडमातीच्या भिंतींची आणि कवेलूंची घरे आहेत. कवेलूंचे छप्पर माळवदापेक्षा हलके, हा त्याचा गुण आहे. परंतु भिंत सुटी राहिली तर तेही खाली येते. गवंड्याने पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दगडी भिंतीत तिच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे लांब दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांच्या आत बसवावेत. दारे-खिडक्यांच्या वरून साऱ्या घराला कमरपट्ट्यासारखा वेढणारा सिमेंट-सळईचा अखंड पट्टा द्यावा. दारे-खिडक्या भिंतींच्या कोपऱ्याला लागून ठेवू नयेत. छप्पराचे लाकूड भिंतीला पक्के बांधावे. या कामाचा खर्च नवीन घर बांधताना थोडा येतो, पण नंतर तो भरून काढता येत नाही. शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायतीच्या इमारती बांधताना तरी या नियमांत सूट देऊ नये, कारण त्यांत गावाची मुले बसतात.

ज्ञान वाचविते

२००४ च्या संकटात दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. भूकंपाच्या अगदी जवळ असलेल्या सिमेउलुए या इंडोनेशियाच्या बेटावर १९०७ मध्ये त्सुनामी आली होती. तेव्हापासून आजी-आजोबा नातवंडांना सांगत आले की, जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला की सामानसुमान टाकून टेकडीकडे धावावे. या संकटाला त्यांच्या भाषेत ‘स्मोंग’ असे नाव आहे. २००४ मध्ये बेटावरील सुमारे ७८ हजार लोकांपैकी केवळ सात जण दगावले. दुसरे उदाहरण थायलंडच्या किनाऱ्यावरचे. सुटीसाठी आलेल्या इंग्लंडच्या एका दहा वर्षांच्या मुलीने समुद्राचे विचित्र रूप ओळखले, कारण दोनच आठवड्यांपूर्वी तिला शाळेत भूगोलाच्या तासाला ते शिकविले होते. तिने आईवडिलांना सांगितले आणि त्यामुळे किनारा वेळेवर रिकामा झाला. एका ठिकाणी घरातील आजीने आणि दुसऱ्या ठिकाणी वर्गातील शिक्षकाने माणसे वाचविली. दोन्ही ठिकाणी यंत्र नव्हते.

यंत्रणेचेही महत्त्व कमी नाही. प्रशांत महासागरात १९४९ पासून त्सुनामीची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था होती, परंतु हिंदी महासागरात २००४ पर्यंत तशी व्यवस्था नव्हती. त्यानंतर भारताने हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात पूर्वसूचना केंद्र उभारले आणि ते ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाले. सुमात्रा व मकरान या दोन्ही पट्ट्यांवर त्याची नजर असते. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा भूमी मुख्यतः आडवी सरकल्याने मोठी लाट आली नाही. त्सुनामीसाठी समुद्रतळ उभा उचलला वा खचला पाहिजे, हे त्या वेळी पुन्हा सिद्ध झाले. २०२० मध्ये ओडिशातील वेंकटरायपूर व नोलियासाही या गावांना, ग्रामस्थांनी केलेल्या पूर्वतयारीबद्दल ‘त्सुनामी-सज्ज’ म्हणून मान्यता मिळाली. सूचना हैदराबादहून निघते, परंतु शेवटचा मैल गावानेच चालावा लागतो, याचे हे उदाहरण होय.

काय करावे

किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलामुलींना येथील पालकांनी तीन खुणा सांगून ठेवाव्यात. समुद्रकाठी जमीन बराच वेळ हलली, पाणी अवेळी दूर ओसरले अथवा समुद्रातून मोठा गडगडाट ऐकू आला, तर सूचनेची वाट न पाहता उंच जागी जावे आणि अधिकृत निरोप मिळेपर्यंत तेथेच थांबावे. दूरच्या भूकंपाचा हादरा किनाऱ्यावर जाणवेलच असे नाही. त्यामुळे पूर्वसूचना आली तर ती खरी मानून वागावे.

गावातील घरात भूकंप जाणवला तर मजबूत टेबल वा खाटेखाली आश्रय घ्यावा, डोके झाकावे, आणि कंप थांबल्यावर मोकळ्या जागी यावे. भिंतीला भेगा पडलेल्या घरात पाहणी होईपर्यंत झोपू नये. अमुक दिवशी अमुक वाजता भूकंप होणार, अशा वावड्यांवर विश्वास ठेवू नये. भूकंपाची तारीख व वेळ सांगण्याची विद्या आजपर्यंत कोणालाही साधलेली नाही.

शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी मुलांकडून शाळा शिस्तीने रिकामी करण्याचा सराव करून घ्यावा. गावातील वृद्धांना १९९३ व १९९७ च्या भूकंपांविषयी विचारून त्यांच्या आठवणी शाळेच्या वहीत लिहून ठेवाव्यात. पंचायत सचिव व पटवारी यांनी धक्क्याची वेळ, भेगा, विहिरींच्या पाण्यातील बदल यांची नोंद त्याच दिवशी करावी.

१९४५ च्या लाटेची कहाणी मुंबईच्या किनाऱ्यावर घरोघरी सांगितली गेली असती, तर तेथील लोकांनी समुद्राकडे निराळ्या सावधपणाने पाहिले असते. पण ती टिपणांत राहिली आणि लोकांच्या ओठांवर आली नाही. सिमेउलुएच्या लोकांनी मात्र आपली कहाणी जपली. जाम व कन्हान या नद्यांचे पाणी वैनगंगेतून गोदावरीला मिळते आणि अखेर बंगालच्या उपसागराला जाते. तेव्हा समुद्र कितीही दूर असला तरी तो या मुलखाला परका नाही. त्याच्या तळाखाली काय घडते हे येथील शाळेच्या फळ्यावर लिहिले गेले, तर ते कोठे आणि केव्हा कोणाच्या कामी येईल हे सांगता येत नाही. म्हणूनच ते शिकविले पाहिजे आणि लिहून ठेवले पाहिजे.